लहान ऑनलाइन दुकानासाठी पैसे घेण्याची सुरक्षित पद्धत कशी निवडावी

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे काही आठवडे खान्देशातल्या घरगुती उद्योगांसाठी मोठ्या धावपळीचे असतात. बिबडे, नागलीचे पापड, कुरडया, कळण्याचे पीठ, काळा मसाला यांच्या ऑर्डरी पुणे, नाशिक, मुंबई, सुरतेहून येतात. पैसे घेण्याची रीत बऱ्याच ठिकाणी एकच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआरचा फोटो पाठवायचा, ग्राहकाने स्क्रीनशॉट पाठवायचा, मग पार्सल बांधायचे. दिवसाला पाच ऑर्डरी असतात तोवर हे निभते. चाळीस झाल्या की स्क्रीनशॉट आणि खात्यातली जमा यांचा मेळ लागत नाही, आणि नेमक्या त्याच गर्दीत खोटा स्क्रीनशॉट खपून जातो.

म्हणून वेबसाइट काढताना पेमेंटची पद्धत एका प्रश्नावर पारखावी: पैसे आले, हे दुकानाला कोण सांगते? ग्राहक सांगत असेल तर पद्धत कच्ची. बँकेची किंवा गेटवेची (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारून दुकानापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेची) यंत्रणा थेट तुमच्या सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट ज्यावर चालते त्या संगणकाला, कळवत असेल तर पक्की. दर, सवलती, बटणांचे रंग हे सगळे त्यानंतर.

आधी आपल्या दुकानाचा अंदाज घ्या

गेटवेवाल्याला फोन करण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा. महिन्याला ऑर्डरी किती, सरासरी बिल किती, ग्राहक कुठे राहतात आणि मोबाइलवरून घेतात की कॉम्प्युटरवरून, आणि पैसे आल्यापासून माल निघायला किती वेळ लागतो. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. सावद्याचे केळी वेफर्स त्याच दिवशी निघू शकतात. भरिताची वांगी तोडणीवर अवलंबून असतात. आगाऊ पैसे घेऊन दहा दिवसांनी माल पाठवायचा असेल, तर रद्द होणाऱ्या ऑर्डरी आणि परतावे वाढतात, आणि गेटवेही अशा दुकानाकडे जास्त बारकाईने पाहतो.

महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर वेबसाइटला गेटवे जोडण्याची घाई नको. गेटवेच्या डॅशबोर्डवरून (तिथल्या तुमच्या खात्याच्या पानावरून) प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी पेमेंट लिंक तयार करून पाठवा. लिंकमध्ये रक्कम आणि बिल क्रमांक आधीच भरलेला असतो, पैसे आले की ती लिंक ‘पेड’ दिसते, आणि स्क्रीनशॉट मागायची गरजच उरत नाही. त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही.

पर्याय आणि त्यांची खरी ताकद

घरच्या खात्याचा, कायमचा छापील क्यूआर काउंटरवर चालतो, वेबसाइटवर नाही. त्यात रक्कम नसते, ऑर्डर क्रमांक नसतो. एकाच दिवशी ₹९५० च्या तीन जमा आल्या तर कोणती कोणाची हे नावांवरून ओळखत बसावे लागते, आणि मुलाच्या फोनवरून आईसाठी पैसे भरणारे ग्राहक कमी नाहीत. काउंटरवरचा साउंडबॉक्स ‘पैसे मिळाले’ म्हणतो तेही त्या क्यूआरपुरतेच. वेबसाइटवरच्या कुठल्या ऑर्डरचे, हे तो सांगू शकत नाही.

गेटवेमधून आलेला यूपीआय वेगळा. इथे प्रत्येक ऑर्डरसाठी नवा क्यूआर बनतो किंवा मोबाइलवर थेट ग्राहकाचे यूपीआय अ‍ॅप उघडते, रक्कम आधीच भरलेली असते. लहान दुकानाचा मुख्य मार्ग हाच ठेवावा. सोबत डेबिट-क्रेडिट कार्ड चालू ठेवा, कारण मोठी बिले, विशेषतः बाहेरगावच्या नोकरदारांची, बरेचदा कार्डावर येतात. नेटबँकिंग गेटवेसोबत आपोआप मिळते, त्यावर वेगळा विचार नको.

परदेशी कार्डे मात्र सुरुवातीला बंद ठेवा. भारतातल्या कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. परदेशी कार्डावर ती असेलच असे नाही, त्यामुळे चोरीच्या कार्डाने खरेदी होऊन पैसे नंतर परत मागितले जाण्याचा धोका मोठा.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरक्षित वाटते, पण तिथे धोका फक्त जागा बदलतो. ग्राहकाने दार उघडले नाही की जाण्या-येण्याचे कुरिअर तुमच्या अंगावर, आणि परत आलेले वेफर्स चुरा झालेले. द्यायचीच असेल तर कुरिअरचा खर्च आधी ऑनलाइन घ्या आणि बाकी रक्कम दारात. ज्याला खरेच घ्यायचे आहे तो ₹८० आधी भरायला सहसा कुरकुरत नाही.

गेटवे पारखताना

ग्राहकाचे पैसे आधी स्वतःकडे घेऊन मग दुकानदाराला देणाऱ्या बिगर-बँक कंपनीला ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ म्हणतात, आणि तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. हे नियम मार्च २०२० मध्ये आले. अशा कंपनीने ग्राहकांचे पैसे बँकेतल्या स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवायचे असतात, स्वतःच्या धंद्याच्या खात्यात नाही. म्हणून पहिली पायरी: रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर परवानगी असलेल्या कंपन्यांची यादी आहे, त्यात नाव शोधा. यादीत कंपनीचे कायदेशीर नाव असते, जाहिरातीतले नाव वेगळे असू शकते. करारावर छापलेले नाव यादीशी जुळवा. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीअ‍ॅव्हेन्यू, फोनपे ही नावे तुम्हाला भेटतील; त्यांच्यासह कोणासाठीही ही तपासणी करा. तुमच्या बँकेचा स्वतःचा गेटवे असेल तर तोही विचारात घ्या. कागदपत्रे तिथे जास्त लागतात, पण शाखेत जाऊन बोलता येते.

मग हे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच घ्या. सेल्समनच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका.

- यूपीआय, रुपे डेबिट, इतर डेबिट आणि क्रेडिट कार्ड यांचे दर वेगवेगळे किती? सगळ्याला एकच दर आहे का?
- सुरुवातीचे शुल्क, वार्षिक शुल्क, किमान मासिक शुल्क आहे का?
- पैसे बँकेत किती कामकाजाच्या दिवसांत येतात? शनिवार, रविवार आणि सुट्टीला काय होते?
- परतावा दिला तर मूळ शुल्क परत मिळते का?
- चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाने बँकेत तक्रार करून पैसे परत मागितले, तर उत्तर द्यायला किती दिवस आणि त्याचे शुल्क किती?
- कोणत्या कारणाने माझे पैसे रोखून धरले जाऊ शकतात?

पहिल्या प्रश्नावर थोडे थांबू. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून कापले जाणारे शुल्क, शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर वर्षाची उलाढाल ₹२० लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्यासाठी एमडीआरची मर्यादा ०.४० टक्के आहे. तरीही काही गेटवे स्वतःच्या सेवेचे शुल्क म्हणून सगळ्या मार्गांवर सरसकट २ टक्क्यांच्या आसपास लावतात. फरक किती पडतो ते पाहा. समजा महिन्याला १०० ऑर्डरी, सरासरी बिल ₹९००, म्हणजे ₹९०,०००. सरसकट २ टक्के दराने शुल्क ₹१,८००. यूपीआयला शून्य आणि कार्डाला २ टक्के असा दर मिळाला आणि ८० ऑर्डरी यूपीआयवर आल्या, तर शुल्क फक्त २० ऑर्डरींवर, म्हणजे ₹३६०. महिन्याला ₹१,४४० वाचले. शुल्कावरचा जीएसटी याहून वेगळा धरा. लहान दुकानालाही दर मागून घेता येतो. सहा महिन्यांची विक्री दाखवून पुन्हा बोलणी करा.

हा खर्च ‘कार्डाने दिल्यास दोन टक्के जास्त’ असे म्हणून ग्राहकावर टाकू नका. डेबिट कार्डावर असे करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मालाच्या किमतीतच तो धरा.

कागदपत्रे कुठे अडकतात

पॅन, आधार, बँक खात्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला चेक, असल्यास उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना. यादी साधी आहे. अर्ज अडकतो तो नावांवर. पॅनचे चौथे अक्षर खातेदाराचा प्रकार सांगते: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी. अर्जात ‘व्यक्तिगत मालकी’ निवडली आणि पॅन दुसऱ्या प्रकारचा दिला की अर्ज परत येतो. महिला बचत गटांत हे हमखास घडते. दुकान गटाचे, बँक खाते गटाचे आणि पॅन अध्यक्षाताईंचा. गटाचे खाते वापरायचे असेल तर पॅनही गटाच्या नावाचा काढा. अध्यक्षाताईंच्या वैयक्तिक खात्यात सगळ्या गटाची विक्री घेणे टाळाच. हिशेब, कर आणि वाद तिन्ही त्यांच्या एकट्यांच्या डोक्यावर येतात.

नंदुरबार, नवापूरकडच्या दुकानांना आणखी एक गोष्ट. सुरत जवळ असली तरी ते दुसरे राज्य आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल लहान असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. बऱ्हाणपूर, इंदूरलाही तेच. वेबसाइट सुरू झाली की पहिली ऑर्डर कुठून येईल हे आपल्या हातात नसते, तेव्हा सीएकडे आधी जाऊन या.

गेटवे मंजुरीआधी तुमची वेबसाइट उघडून पाहतो. संपर्काचे पान पूर्ण पत्त्यासह, अटी, गोपनीयता धोरण, माल पोहोचवण्याचे धोरण आणि परतावा-रद्द करण्याचे धोरण ही पाच पाने आणि खऱ्या किमतींसह काही माल तिथे हवा. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेले धोरण लावू नका. त्यात ‘सात दिवसांत विनाशर्त परत’ असे लिहिलेले असेल आणि तुम्ही मसाल्याचे फोडलेले पाकीट परत घेत नसाल, तर चार्जबॅकमध्ये तेच वाक्य तुमच्याविरुद्ध जाते. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते, तेही धोरणात लिहा.

अर्जात मालाचा प्रकार खरा लिहा. ‘मसाले व पापड’ म्हणून खाते काढून नंतर त्यावरूनच साड्या किंवा क्लासची फी घेतली, तर गेटवेच्या तपासणीत पैसे अडकतात. अचानक वाढलेली विक्रीही त्यांना संशयास्पद दिसते. हंगाम येण्याच्या पंधरा दिवस आधी ‘या काळात विक्री एवढी वाढेल’ असे लेखी कळवून ठेवा आणि प्रत्येक व्यवहाराची व महिन्याची मर्यादा वाढवून घ्या.

जोडणी: इथेच दुकान वाचते किंवा बुडते

कार्डाचा नंबर तुमच्या वेबसाइटच्या सर्व्हरला कधीच कळू नये. ग्राहक ‘पैसे भरा’ दाबतो तेव्हा गेटवेचे पान किंवा गेटवेची खिडकी उघडली पाहिजे आणि कार्डाची माहिती तिथेच भरली गेली पाहिजे. याला होस्टेड चेकआउट म्हणतात. पीसीआय डीएसएस या कार्ड सुरक्षेच्या मानकाचा तुमच्यावरचा भार त्यामुळे सर्वांत कमी राहतो. स्वतःच्या पानावर कार्डाचे रकाने बनवून देतो म्हणणाऱ्या डेव्हलपरला स्पष्ट नाही म्हणा. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याशिवाय कोणालाही पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो मागवणे तर दूरच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसे भरल्यावर ग्राहक ‘धन्यवाद’ पानावर परत येतो. बऱ्याच स्वस्तातल्या जोडण्या हे पान उघडले की ऑर्डर पक्की करतात. यात दोन्ही बाजूंनी घोळ आहे. ग्राहक रेल्वेत असेल आणि पैसे कापल्यावर कसारा घाटात नेटवर्क गेले, तर पान उघडत नाही आणि पैसे देऊनही ऑर्डर होत नाही. उलट, त्या पानाचा पत्ता माहीत असलेला कोणीही पैसे न भरता ते उघडू शकतो. म्हणून ऑर्डर पक्की व्हायची ती वेबहुकवर. वेबहुक म्हणजे गेटवेच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला पाठवलेला निरोप. तो ग्राहकाच्या फोनवर अवलंबून नसतो, आणि तुमच्या गावात वीज गेली तरी सर्व्हर दुसरीकडे असल्याने पोहोचतो.

डेव्हलपरकडून पुढचे काम होते की नाही, हे एकेक करून विचारा.

१. ऑर्डरची रक्कम सर्व्हरवर ठरते का? ब्राउझरकडून आलेल्या रकमेवर विश्वास ठेवला, तर जाणकार माणूस ₹९५० चे ₹१ करून पाठवू शकतो.

२. रक्कम कोणत्या एककात जाते? काही गेटवे रुपयांऐवजी पैशांत (₹१ = १०० पैसे) घेतात, म्हणजे ₹९५० साठी ९५००० लिहावे लागते. इथे चूक झाली तर ग्राहकाला साडेनऊ रुपयांचे बिल दिसते.

३. वेबहुकची सही तपासली जाते का? गेटवे आणि तुमच्यातल्या गुप्त किल्लीने निरोपावर सही होते, बहुधा एचएमएसी एसएचए-२५६ पद्धतीने. ती निरोपाच्या मूळ, न बदललेल्या मजकुरावर तपासायची. ती तपासली नाही तर कोणीही खोटा निरोप पाठवून माल पक्का करील.

४. सही जुळली तरी रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक जुळतात का?

५. तोच निरोप दोनदा आला तर? असे होते. पेमेंट क्रमांक आधी नोंदला असेल तर दुसऱ्यांदा काहीच करायचे नाही, नाहीतर एकाच पेमेंटवर दोन पार्सले जातील.

६. कॅप्चर आपोआप होते का? कार्डावर आधी रक्कम राखून ठेवली जाते आणि कॅप्चर केल्यावरच ती तुमची होते. कॅप्चर राहून गेले तर काही दिवसांनी ती ग्राहकाला परत जाते आणि माल मात्र गेलेला असतो.

वूकॉमर्स (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा जादा भाग, गेटवेच्या अधिकृत पानावरूनच घ्या. फुकट वाटले जाणारे, कुलूप तोडलेले ‘नल्ड’ प्लगइन म्हणजे चोराला दिलेली किल्ली. साइट जलद उघडावी म्हणून पाने साठवून ठेवणाऱ्या कॅशे (cache) प्लगइनमध्ये कार्ट आणि चेकआउटची पाने वगळा. सुरक्षा प्लगइन किंवा क्लाउडफ्लेअरसारखी साइटचे रक्षण करणारी सेवा वेबहुकच्या पत्त्याला अडवत नाही ना, ते पाहा. ‘पैसे आले पण ऑर्डर पेंडिंग’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. वूकॉमर्समध्ये माल राखून ठेवण्याची वेळ मुळात ६० मिनिटे असते. तेवढ्यात पैशांची खबर आली नाही तर ऑर्डर रद्द होते, आणि उशिरा आलेले पैसे रद्द ऑर्डरवर जमा होतात. अशा ऑर्डरींची यादी रोज पाहा.

गुप्त किल्ली फक्त सर्व्हरवर. ती जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरला दिसणाऱ्या कोडमध्ये), गिटहबवर (डेव्हलपर कोड ठेवतात त्या साइटवर) किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली असेल तर डॅशबोर्डवरून लगेच नवी काढा. डेव्हलपरला स्वतःचे वेगळे लॉगिन द्या, मालकाचे नको, आणि काम संपले की बंद करा. डॅशबोर्डला आणि त्याला जोडलेल्या ईमेलला दोन टप्प्यांची खातरजमा लावा. चोराला सर्वांत हवी असते ती ईमेल, कारण तिच्यावरून पैसे जमा होण्याचे बँक खाते बदलण्याचा प्रयत्न करता येतो.

उघडण्याआधीची चाचणी

टेस्ट मोडमध्ये (खरे पैसे न हलवता सराव करायच्या सोयीत) यशस्वी, अयशस्वी, मध्येच मागे फिरलेले, आणि पैसे भरल्याबरोबर ब्राउझर बंद केलेले असे चारही व्यवहार करा. कूपन लावून पाहा, बटण दोनदा दाबून पाहा. मग लाइव्ह मोडमध्ये ₹१० चा माल ठेवून खऱ्या यूपीआयने आणि खऱ्या कार्डाने घ्या. पैसे बँकेत येईपर्यंत थांबा, एकाचा अर्धा परतावा द्या, तो ग्राहकाच्या खात्यात दिसेपर्यंत पाहा. टेस्टच्या किल्ल्या आणि लाइव्हच्या किल्ल्या वेगळ्या असतात आणि वेबहुकही दोन्हींसाठी वेगळा नोंदवावा लागतो. लाइव्हचा वेबहुक राहून जाणे ही उद्घाटनाच्या दिवशीची नेहमीची अडचण आहे.

रोजचा हिशेब आणि अडचणी

रोज संध्याकाळी तीन आकडे जुळवा: वेबसाइटवरच्या पक्क्या ऑर्डरी, गेटवेमधली कॅप्चर झालेली पेमेंट आणि बँकेतली जमा. बँकेत एकत्र रक्कम येते, शुल्क वजा होऊन; गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट (त्या जमेत कोणकोणती पेमेंट आहेत याचा तपशील) उतरवून घेतल्याशिवाय ती जुळत नाही.

ग्राहक म्हणाला ‘पैसे कापले, ऑर्डर नाही’, तर त्याला पुन्हा भरायला लगेच सांगू नका. त्याच्याकडून यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक घ्या आणि डॅशबोर्डवर शोधा. पेमेंट सापडले तर ऑर्डर पक्की करा. सापडले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानाला न पोहोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला रोज ₹१०० भरपाई आहे. हे त्याला शांतपणे सांगितले की चिडलेला ग्राहक निम्मा निवळतो.

परतावा नेहमी डॅशबोर्डवरून, मूळ पेमेंटवरच द्या. ‘चुकून ₹५,००० जास्त गेले, या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला तर आधी खात्यात बघा, आणि खरेच आले असतील तरी दुसऱ्या यूपीआय आयडीवर पाठवू नका. ठोक ऑर्डर देतो म्हणून ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा चोरच असतो. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. गेटवेच्या नावाने केवायसीसाठी फोन करून ओटीपी मागणारा किंवा स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला लावणाराही त्याच जातीचा. बँकेच्या नावाची लिंक आली तर पत्त्याचा शेवट डॉट बँक डॉट इन असा आहे का, ते बघा. देशातल्या बँका आता या पत्त्यांवर आल्या आहेत.

रात्रीतून पाच-दहा रुपयांची शेकडो फसलेली कार्ड पेमेंट दिसली, तर कोणीतरी चोरीची कार्डे तुमच्या दुकानावर तपासत आहे. कार्डाचा पर्याय तात्पुरता बंद करा, चेकआउटवर कॅप्चा लावा, गेटवेला कळवा आणि त्यातली यशस्वी झालेली पेमेंट माल न पाठवता परत करा.

धंद्यासाठी वेगळे चालू खाते ठेवा, याचे एक कारण हिशेबाच्या सोयीपेक्षा मोठे आहे. फसवणुकीतले पैसे कोणी तुमच्याकडे खरेदीत वापरले, तर सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँक तुमच्या खात्यातली रक्कम किंवा सगळे खातेच गोठवू शकते. घरखर्च, शेतीचे पैसे आणि दुकान एकाच खात्यात असेल तर सगळेच थांबते. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी घ्या, आणि त्या व्यवहाराचे बिल, कुरिअरची पावती, पोहोचल्याचा पुरावा व ग्राहकाशी झालेले संभाषण तिथे द्या. हीच चार कागदपत्रे चार्जबॅकलाही लागतात, म्हणून ऑर्डर क्रमांकाच्या नावाने फोल्डर करून ती ठेवत जा. तुमचीच फसवणूक झाली तर मात्र कागद जमवत बसू नका. आधी १९३० वर फोन लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते अडवता येतात. बँकेला कळवणे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरणे त्याच्या लगोलग.